पिवळ्यांची निवड

परवा सकाळी टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाई गं, असा गारठा लागला की हात बाहेर काढून पदरात गुंडाळून मी तशीच उभी राहिले. दिवाळी होऊन पंधरवडा झाला तरी थंडीचा पत्ता नव्हता, आणि आली ती एका दिवसात आली. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते, त्यांच्यामागं सांडलेलं वाढं खात दोन शेळ्या चालल्या होत्या. इकडं टाकीत मासे तळाला जाऊन बसले होते. थंडीत त्यांचं असंच असतं. हलत नाहीत, खात नाहीत आणि रंग सोडतात.

थंडी मला एके काळी फार आवडायची, खोटं कशाला बोलू. हुरडा, हरभऱ्याचा डहाळा, उन्हात पाठ शेकत बसणं, आणि तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणारं लगीनसराईचं काम. आता नको वाटते. दोन वर्षांमागचा हिवाळा मानगुटीवर बसलाय तो उतरत नाही. त्या हिवाळ्यात आमच्या घरातनं अठरा वर्षांची एक राखण गेली, आणि माझ्यामुळं गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला किंवा बसला तर का ते तुम्हाला ठाऊक असेल.

आमचं गाव सोनई. माझे यजमान भाऊसाहेब शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये कामाला होते. रस किती निवळलाय ते नळीतला रंग बघून आधी हे सांगायचे, मशीन मागनं तेच सांगायचं. माझं घरीच ब्लाउज शिवायचं काम. बाईनं साडी पुढं टाकली की दोनशे रिळांतनं तिच्या रंगाचा दोरा मी एका झटक्यात उचलते. असे दोन नजरवाले एका घरात, म्हणजे भांडणाला काय तोटा! पुढच्या खोलीचा रंग मोतिया की बदामी यावरनं आम्ही चार दिवस अबोला धरलेला आहे.

आमच्या बोअरचं पाणी असलं मचूळ आणि जड, की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर चढतो. माझ्या माहेरची माणसं येताना पाण्याच्या बाटल्या घेऊन यायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ह्यांना पुण्यात कुणीतरी सांगितलं की आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले मासे असतात, त्यांना असलंच पाणी मानवतं. झालं. पुढच्या रविवारी हे एसटीनं आले ते मांडीवर थर्माकोलचं खोकं घेऊन. खोक्यात फुगवलेली पिशवी, पिशवीत बोटाएवढे सहा मासे.

मी म्हणाले, “कालवण करायचं का?”

“बघायचं.”

“नुसतं?”

“नुसतं,” हे म्हणाले, आणि बूट न काढताच परसात गेले.

सिक्लिड म्हणतात त्या माशांना. मोठी भावकी आहे त्यांची. कुणी निळे, कुणी नारिंगी, कुणी पट्ट्यापट्ट्यांचे. ह्यांचे पिवळे. दुकानदार त्यांना यलो लॅब म्हणतात, आम्ही नुसते पिवळे. पण पिवळा म्हणजे कुठला पिवळा? हळदीचा म्हणावा तर हळद त्यापुढं मातकट दिसते. शेवंतीचा म्हणावा तर शेवंतीत हिरवट झाक असते. मी रिळं घेऊन टाकीपाशी बसायची, आणि एकही जुळायचं नाही. हे गालात हसायचे. म्हणायचे, “कंपनीनं काढलाच न्हाई तो रंग. तो माशाचाच हाय.” सकाळचं ऊन पत्र्याच्या फटीतनं टाकीत उतरलं आणि सगळे एकदम वळले, की परसात कुणीतरी दिवे लावल्यागत वाटायचं. मी दोष द्यायला उभी राहायची आणि बघत बसायची. भाजी करपलेली आहे माझी त्यापायी.

पण नुसतं पिवळं असून भागत नाही. दुकानात सगळी भावकी एका काचेत कोंबलेली असते, कोण कुणाशी जमतो याला धरबंध नाही. पिल्लं होतात, ती पण पिवळी दिसतात, लोक घेऊन जातात. ह्यांना त्याची चीड. “खाण तशी माती,” म्हणायचे, “पण माती हातात घेऊन तर बघा.” चोख पिवळ्याच्या पाठीवरच्या पराला काळी रेघ असते, पहिल्या काट्यापासून शेवटापर्यंत, कुठं न तुटलेली. अंग स्वच्छ, उभा पट्टा नाही. पोटाकडं पांढरट नाही, शेपटीकडं नारिंगी नाही. नारिंगी माशाशी क्रॉस झाला असेल तर रेघ फिकी पडते, नाहीतर मधेच तुटते. आणि पट्टे असतात, पण लपलेले. ते बघायची ह्यांची एक रीत होती. मासा पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घ्यायचा, नऊ-दहाच्या उन्हात ठेवायचा आणि वरनं अचानक हाताची सावली टाकायची. चोख मासा दचकतो नि तसाच राहतो. क्रॉस घाबरला की त्याच्या अंगावर राखाडी पट्टे उमटतात, दोन-चार क्षण, मग विरतात. तेवढ्यात बघितलं तर बघितलं.

एकदा मी विचारलं, असा बघून चोख ठरवता, तर दुकानातला एखादा आणून का नाही बघत? तर म्हणाले, “रंग फक्त न्हाई म्हनतो, शालन. व्हय म्हनायला आई-बाप ठाव लागत्यात.” ते मला तेव्हा फार काही कळलं नव्हतं.

ह्या माशांची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं फुटून पोहायला लागेपर्यंत तीन आठवडे तोंड मिटून, उपाशी. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटाच आला. हे तेवढ्यात म्हणाले, “बघ, तीन आठवडं तोंड मिटून. घे कायतरी शिकून.”

“आणि बाप बघा,” मी म्हणाले, “नुसता मिरवतोय. त्याच्याकडनं शिकायची गरज न्हाई पडली तुमाला.” त्यावर इतके हसलो आम्ही, की शेजारच्या घरातनं विचारायला आले.

अठरा वर्षं त्या सहा माशांची वंशावळ ह्यांनी राखली. बाहेरचा मासा आत येऊ दिला नाही. पुण्याचे, नाशिकचे, संभाजीनगरचे लोक यायचे; शनिवारी शिंगणापूरला तेल वाहायचं आणि जाताना सोनईला मासे घ्यायचे, असं काहींचं ठरलेलं होतं. ‘सोनईचे पिवळे’ म्हणायचे. ह्यांनी एकदा चोख म्हटलं की पुढं कुणी टबात घालून बघायचं नाही.

मला शिकवण्याचीही ह्यांची रीत होती. निवडीच्या दिवसांत टब घेऊन मशीनपाशी यायचे आणि म्हणायचे, “तू सांग आधी, मग मी सांगतो.” मी काहीतरी सांगायची. पहिली काही वर्षं माझं निम्मं चुकायचं, नंतर चुकणं कमी झालं. पण बरोबर असो की चूक, माझ्या सांगण्यावर काही अडत नव्हतं. शेवटचा शब्द ह्यांचा. तो एक खेळ होता आमचा, लहान पोरांना कोडं घालतात तसा. हे तेवढं ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात मोठ्या टाकीला तळाशी भेग गेली. दुसरी टाकी रिकामी नव्हती. एका दुकानदाराच्या सांगण्यावरनं ह्यांनी थोडे नारिंगी मासे आणून ठेवले होते, त्या टाकीत मधे जाळी लावून एका बाजूला पिवळे सोडले. जाळीचा कोपरा खालनं सुटलेला होता, ते तीन आठवड्यांनी कळलं. तोवर माद्यांची तोंडं भरली होती. त्यातली पिल्लं कुठली कुणाची, देवाला ठाऊक. हे म्हणाले, “असू दे. जुनी जोडपी हायेत आपली. ही पिल्लं मोठी झाली की बघू, न्हाईतर दिऊन टाकू.” मला तेव्हाच वाटलं होतं, जाळी ह्यांच्या नजरेतनं सुटली कशी? पण वाटलं आणि विसरले.

मग मार्गशीर्षात विजेची डीपी जळाली. ज्यांच्या गावात डीपी जळत नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. नवी यायला तीन दिवस लागले, आणि नेमके ते तीन दिवस असा कडाका की ज्वारी काकडली. टाकीतले हीटर बंद. चुलीवर हंडा चढवून आम्ही दोघं बाटल्यांत गरम पाणी भरायचो, बुचं घट्ट लावून टाकीत तरंगत सोडायचो, निवल्या की परत भरायचो. माझ्या बोटांना फोड आले. पिल्लं घराच्या आत, काचेच्या टाकीत होती, ती तगली. परसातली जुनी जोडपी तिसऱ्या दिवशी सकाळी एकेक करून वर आली. मेल्यावर त्यांचा पिवळा लगेच उतरत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. हे काठावर बसून प्रत्येक मासा तळहातावर घेत होते, अगदी डोळ्याजवळ नेत होते. मला वाटलं, निरोप घेताहेत.

आता उरली ती पिल्लं. दीडेकशे असतील, चोख आणि क्रॉस एकत्र. त्यातनंच नवी जोडपी निवडायची; चुकली की अठरा वर्षं मातीत. दरवर्षी हे निवड फाल्गुनात करायचे, पाणी कोमट झाल्यावर, कारण थंडीत रंग खोटं बोलतो. त्या वर्षी मात्र संक्रांतीच्या आधीच बसले. मी म्हणाले, “एवढी काय घाई? आणि पुणतांब्याच्या रामनाथ भावजींना तरी बोलवा, चार डोळे बरे.” रामनाथ म्हणजे ह्यांचे मासेवाले दोस्त, शेतकरी माणूस, ह्यांच्यानंतर पिवळ्यातलं कळणारा तेवढाच एक. हे म्हणाले, “माझ्या टाकीतली निवड दुसऱ्याच्या डोळ्यानं करायची न्हाई मला.” ताठा, दुसरं काय, असं मी मनात म्हणाले.

आणि रोज सकाळी टब यायला लागला. “शालन, बघ गं, रेघ पुरी हाय का?” “शालन, पट्टा उमटला का?” “शेपटीकडं नारिंगी वाटतंय का तुला?” एक नाही, दोन नाही, वीस-वीस वेळा. इकडं माझ्यापुढं कापडाचा ढीग. माघातल्या तारखा काढलेल्या, नवऱ्या मुलींच्या आया दारात बसलेल्या, आणि ह्यांना कोडी घालायची हौस आलेली! पहिले दोन-तीन दिवस मी मान वळवून बघितलं. मग बघायचं सोडलं. मशीन चालूच, डोळे टाक्यावर, आणि तोंडानं, “हाय की, पुरी हाय.” कधी बदल म्हणून, “न्हाई, तुटलीय.” एकदा वैतागून म्हणाले, “सगळे चोख हायेत, आता जाऊ दे मला.” हे म्हणायचे, “नीट बघून सांग.” मी म्हणायची, “बघितलं.” मग हे टब उचलून हळूहळू परसात जायचे. ‘मग मी सांगतो’ हे पुढचं वाक्य त्या दिवसांत एकदाही आलं नाही, आणि मला बयेला ते जाणवलंही नाही.

तीन आठवड्यांत निवड झाली. बारा मासे भेग बुजवलेल्या मोठ्या टाकीत गेले. बाकीचे सगळे नगरच्या एका दुकानदारानं टेम्पोतनं नेले. पाटीवर अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडातनं अजून नगरच निघतं.

माशांचं पिंप टेम्पोत चढवताना मी दारात उभी होते. ऊन पडलं होतं. पिंपातलं पाणी हिंदकळलं आणि आत पिवळं काहीतरी लखलखलं. मी म्हणाले, “बाई, छान दिसतायत की हे पण.” एवढंच. पुढं काय ते बघायला गेले नाही, आत ओव्हरलॉकचं काम पडलं होतं.

चैत्रात रामनाथ भावजी आले. टाकीपाशी बराच वेळ उकिडवे बसले. हात पाण्यावरनं फिरवला, सावली टाकली, परत टाकली. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडं न बघता कप घेतला. मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, “झ्याक हायेत, भाऊसाहेब. चोख.” आणि जाताना मला फाटकापाशी थांबवून हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, बारात सात क्रॉस हायेत. पट्टं असं उमटत्यात, की आंधळ्याला बी दिसावं. भाऊसाहेबानं कसं सोडलं ह्ये?”

मी म्हणाले, “आणि बाकी पाच?”

“दिसाया बरी हायेत. पर चोख म्हनायची माझी छाती न्हाई. ते सांगनारा एकच मानूस, त्यो आत बसलाय.”

मी आत गेले. हे खाटेवर बसले होते. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी जांभळ्या दोऱ्याचं रीळ उचललं आणि ह्यांच्या हातात दिलं. म्हणाले, “हा पिवळा कसा वाटतो बघा, शेवंतीच्या जवळ जातो का?” ह्यांनी रीळ खिडकीकडं नेलं, बोटानं फिरवलं, मान तिरकी केली. आणि म्हणाले, “चांगला हाय. घे.”

मी तिथंच फरशीवर बसले.

मग निघालं सगळं. पौषात हे मोटारीचा वॉशर आणायला म्हणून नगरला गेले होते ते डोळ्याच्या डॉक्टरकडं. शुगरनं पडद्याला धरलं होतं, दोन्ही डोळ्यांच्या. आत रक्त साकळलेलं. एका डोळ्याचं जवळजवळ संपलं होतं, दुसऱ्याचं संपत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आला असतात तर बरंचसं राखता आलं असतं. म्हणून ती निवडीची घाई. मी कपाळ बडवून घेतलं, म्हणाले, मला का नाही सांगितलं? तर हे म्हणाले, “तुझी लगीनसराई चालू हुती.” वर टोमणा नाही, काही नाही. सरळ सांगितलं, आज बाजार आहे म्हणतात तसं.

जन्मभर कारखान्यात साखर केली आणि शेवटी साखरेनंच खाल्लं. मी असं मोठ्यानं बोलून गेले.

माशांचं मात्र मी सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. त्यांना वाटत होतं बारा चोख आहेत, आणि तेवढ्यावर ते उभे होते. सकाळी टाकीकाठी बसून पाण्याचा आवाज ऐकायचे, हातातनं दाणे सोडायचे. “खातायत का?” “खातायत.” “माद्यांनी तोंडं भरलीत का?” “दोघींनी.” यात खोटं काही नव्हतं. पण मग ह्यांनी एक ठरवलं. नजर गेली, आता आपल्याच्यानं राखण व्हायची नाही, तर त्या दोघींच्या पिल्लांतनं चार ठिकाणी सहा-सहा देऊन टाकायची, म्हणजे वंश राहील. फोन सुरू झाले. “या, घिऊन जा. चोख हाय. माझा शब्द हाय.” माझ्या कानावर ते ‘माझा शब्द’ पडायचं आणि मी ताट बाजूला सारायची. अठरा वर्षांत जो शब्द कधी खोटा गेला नाही, तो चार गावांत जाणार होता, आणि खोटा जाणार होता. शनिवारी माणसं येणार होती.

मी आधी नगरला गेले. म्हटलं, ते पिंपातले सापडतील, त्यातले चोख उचलून आणू. दुकानात काचेपुढं उभी राहून असं डोळे फाडून बघितलं, की पोरगा म्हणाला, “काकू, सगळे सेमच असतात.” दहा-बारा पिवळे होते. त्यातल्या दोघांची रेघ पुरी होती, काळीभोर. “हे कुठले?” “मिक्स लॉट आहे. कोलकात्याचा.” आमचे कधीच विकले गेले होते, कुणाकुणाच्या घरी, कुठल्या कुठल्या गावांत. आणि त्या दोघांच्या आई-बापांचं कुणाला काय ठाऊक. ह्यांचं ते बोलणं मला तेव्हा कळलं, तिथं त्या निळ्या ट्यूबलाइटखाली. रिकाम्या हातानं एसटीत बसले आणि घोडेगावपर्यंत रडत आले.

शुक्रवारी सकाळी सांगितलं. हे टाकीपाशी स्टुलावर, मी शेजारी खाली.

“बारात सात क्रॉस हायेत,” मी म्हणाले. “रामनाथ भावजी बोलले. मी पण बघितलं आता. क्रॉसच हायेत.”

ह्यांचा हात पाण्यात होता, तो तिथंच राहिला. “तू बघून सांगितलंस ना?”

“न्हाई.”

“मंजे?”

“मी बघितलंच नव्हतं. मला वाटलं, तुमी नेहमीसारखं विचारताय. मागनं तुमी सांगाल. मशीनवरनं मान वर न करता बोलले मी. हाय म्हणाले, न्हाई म्हणाले, जे तोंडाला येईल ते.”

मोटार चालली होती, पाणी पडत होतं. मग म्हणाले, “सांगायचं की, बघत न्हाई म्हनून. मी थांबलो असतो.”

“तुमी तरी सांगायचं की, दिसत न्हाई म्हणून!” मी ओरडलेच. “रामनाथ भावजींना बोलवा म्हणत होते मी. तर म्हणे दुसऱ्याच्या डोळ्यानं करायची न्हाई!”

“दुसऱ्याच्या न्हाईच केली,” हे म्हणाले.

माझी नजर ह्यांना दुसऱ्याची वाटत नव्हती. मी तिला कवडीची किंमत दिली नाही.

त्याच सकाळी ह्यांनी चारही घरी फोन लावले. नंबर मी लावून दिले. प्रत्येकाला एकच, “येऊ नका. क्रॉस शिरलाय. माझ्याकडनं चूक झाली.” माझ्याकडनं, असं. मी मधे बोलायला गेले तर हातानं गप्प केलं. चौथा फोन झाल्यावर मोबाईल खिशात ठेवला, आणि सोनईचे पिवळे संपले.

आता मासे आहेत, नाही असं नाही. परवा ज्या टाकीत हात घातला ती दुसरी टाकी आता त्यांचीच. राखाडी पट्ट्यांचे, नारिंगी शेपटीचे, मधेच एखादा असा पिवळाधमक की काळीज हलतं. मी रोज बघते. उन्हात बघते, सावली टाकून बघते. आता मला पट्टा उमटायच्या आधी कळतो, इतकी नजर बसली. काय करायचीय ती? मोठी टाकी उपसून तिच्यात मी शिवणाच्या चिंध्या भरून ठेवल्यात. हे भिंतीला टेकून उन्हात बसतात, उजेड आणि अंधार एवढंच कळतं त्यांना. औषधं वेळेवर घेतात, बातम्या ऐकतात, माझ्याशी गोड बोलतात. पण मला बघायला सांगत नाहीत. शर्ट उलटा आहे का, ताटात काय वाढलंय, दारात कोण आलंय, काही विचारत नाहीत. बोटांनी चाचपतात, वासानं ओळखतात, आणि चुकले तर चुकतात. मी आपणहून सांगते, तर ऐकून घेतात.

त्या शुक्रवारचं एक मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, सासरी असलेल्या आमच्या मुलीलाही नाही. फोन झाले, मी ह्यांना हात धरून घरात आणत होते. उंबऱ्याशी हे थांबले. माझ्याकडं तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यावरनं पलीकडं गेलेली.

“शालन, एक इचारू का?”

“इचारा की.”

“दसऱ्याच्या टायमाला मी तुला म्हनलो हुतो, डोळ्याम्होरं काळी जाळी हलतीय, डोळ्यात काय गेलंय का बघ. तू म्हनलीस, काय न्हाई, पाणी मारा. तवा बघितलं हुतंस का?”

मला लख्ख आठवलं. दसऱ्याची गडबड होती. हे खाली वाकून, एक पापणी बोटानं वर धरून माझ्यापुढं उभे होते. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा मोरपंखी होता, आणि मी त्या दोऱ्याकडं बघत होते.

“बघितलं होतं की,” मी म्हणाले.

“बरं,” हे म्हणाले, आणि आत जायला पायानं उंबरा शोधायला लागले.